चाणक्याचे नाव आणि कौटिल्याचा हिशेब

एखाद्या राज्यात बहुमताची गणिते एका रात्रीत बदलली, कालपर्यंत एका बाकावर बसणारे आमदार आज समोरच्या बाकावर जाऊन बसले, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कोणा ना कोणा पुढाऱ्याला ‘आधुनिक चाणक्य’ ही पदवी बहाल झालेली दिसते. ही पदवी मिळवायला फार मोठी तपश्चर्या लागते असे नाही. माणसे फोडता यावीत, फोडलेली माणसे चार दिवस एका ठिकाणी सांभाळता यावीत आणि या साऱ्याचा थांगपत्ता प्रतिपक्षाला लागू नये, एवढे पुरते. व्यवस्थापनाच्या वर्गांतूनही अलीकडे चाणक्याचे नाव आदराने घेतले जाते. तेथे तो प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्याच्या युक्त्या सांगणारा सल्लागार असतो. ज्या ग्रंथावर ही कीर्ती उभी आहे असे समजले जाते, तो ‘कौटिलीय अर्थशास्त्र’ हा ग्रंथ उघडला, तर मात्र वाचक निराळ्याच जगात जाऊन पोहोचतो. त्यात कपटनीती नाही असे नव्हे, भरपूर आहे. परंतु पंधरा अधिकरणे आणि दीडशे अध्याय असलेल्या या ग्रंथातले सर्वात मोठे अधिकरण दुसरे आहे, आणि त्याच्या छत्तीस अध्यायांत फोडाफोडीच्या विद्येला फारसे स्थान नाही. तेथे आहेत खाणी, कोठारे, वजने-मापे, सूत कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी, दारूच्या दुकानांची देखरेख, नावाडी, गुराखी, आणि या साऱ्यांचा हिशेब ठेवणारे कारकून.

लोकमानसातला चाणक्य आला कोठून, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. तो मुख्यतः आला विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातून आणि नंद-चंद्रगुप्ताच्या आख्यायिकांतून. मूळ ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड होता. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त त्याचा उल्लेख होता, इतर ग्रंथकारांनी त्यातले उतारे घेतले होते, पण पोथी कोणाच्या हाती नव्हती. १९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रावरची एक पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली, आणि तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती काय आहे हे ओळखले. १९०९ मध्ये संस्कृत संहिता छापली गेली, १९१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर आले. पुढे र. पं. कंगले यांनी उपलब्ध पोथ्या ताडून सिद्ध केलेली संहिता, तिचे भाषांतर आणि त्यावरील विवेचन असे तीन खंड मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केले. मराठी वाचकांसाठीही कंगल्यांनी हा ग्रंथ मराठीत आणला. म्हणजे चाणक्याची प्रतिमा आधी पक्की झाली आणि ग्रंथ मागाहून सापडला. प्रतिमा इतकी पक्की झाली होती, की ग्रंथ हाती आल्यावरही तो त्या प्रतिमेच्या चष्म्यातूनच वाचला गेला. ग्रंथाचा कर्ता चंद्रगुप्त मौर्याचा मंत्रीच होता काय, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. १९७१ साली टॉमस ट्राउटमन यांनी शब्दांच्या वापराची मोजदाद करून ग्रंथात एकाहून अधिक हात असावेत असे दाखविले. पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्यासारखे अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आणतात. असो. कर्ता कोणीही असो, त्याने कारभार जवळून पाहिला होता, एवढे मात्र पानापानावर जाणवते.

ग्रंथाचा आरंभ शत्रूपासून होत नाही, राजापासून होतो. पहिल्या अधिकरणाचे नावच ‘विनय’, म्हणजे शिस्त, शिक्षण. काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष या सहांमुळे कोणकोणते राजे सकुटुंब सपरिवार नाश पावले, त्यांची यादीच कौटिल्य देतो. रावण आणि दुर्योधन हे त्यातले सर्वांना परिचित. मग राजाचे वेळापत्रक येते. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग. प्रत्येक भाग सुमारे दीड तासाचा. दिवसाच्या पहिल्या भागात संरक्षणाची व्यवस्था आणि जमाखर्च ऐकायचा, दुसऱ्यात नगरातील व खेड्यांतील लोकांची कामे पाहायची, तिसऱ्यात स्नान, भोजन, अध्ययन. चौथ्यात रोकड स्वीकारायची आणि खात्यांचे प्रमुख नेमायचे. पुढे मंत्रिपरिषदेशी पत्रव्यवहार, हेरांच्या वार्ता, हत्ती-घोडे-सैन्याची पाहणी. दिवसातला एकच भाग असा, की ज्यात वाटले तर राजाने मन रमवावे. तेथेही ‘किंवा मसलत करावी’ अशी पुस्ती आहेच. रात्री निखळ झोपेसाठी दोन भाग, म्हणजे अवघे तीन तास! हा क्रम ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे बदलावा, अशी सवलत कौटिल्य देतो. ही सवलत नसती तर कोणी राजा होण्यास राजी झाला असता की नाही, याची शंकाच आहे.

या वेळापत्रकाच्या लगोलग जे येते, ते अधिक महत्त्वाचे. काम घेऊन आलेल्या माणसाला राजाने दारात तिष्ठत ठेवू नये, असे कौटिल्य बजावतो. आणि त्याचे कारण म्हणून तो दयेचा किंवा धर्माचा आधार घेत नाही. ज्या राजाचे दर्शन दुर्लभ होते, त्याच्याकडून त्याच्या भोवतीची माणसे करावयाचे ते टाळवून घेतात आणि टाळावयाचे ते करवून घेतात, असे त्याचे म्हणणे. परिणामी प्रजा बिथरते किंवा राजा शत्रूच्या हाती जातो. दुर्लभ राजाचे नुकसान प्रथम राजाचेच होते, हे निदान विलक्षण अचूक आहे. सत्ताधाऱ्याभोवती जे कोंडाळे जमते, त्याच्या मर्जीशिवाय कागद आत जात नाही आणि माणूसही जात नाही. मग सत्ताधाऱ्याला जे कळते ते कोंडाळ्याने कळू दिलेले असते. तातडीचे काम आले की ते तत्काळ ऐकावे, पुढे ढकलू नये, कारण ढकललेले काम अवघड होऊन बसते किंवा हातचे जाते, हेही कौटिल्य त्याच ओघात सांगतो. कामांच्या क्रमात बालके, वृद्ध, आजारी, संकटग्रस्त, अनाथ आणि स्त्रिया यांचा वेगळा उल्लेख आहे. देवस्थाने व तपस्वी त्यांच्या आधी येतात हे खरे, पण कामाच्या निकडीप्रमाणे हा क्रम बदलण्याची मुभा तेथेच दिलेली आहे.

महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यात कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे म्हटले आहे. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा आला. कायद्यांची उणीव आहे असे कोणी म्हणणार नाही. दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालणाऱ्या माणसाला मात्र सात दिवसांची ही मुदत ठाऊक नसते, आणि ज्याला ती ठाऊक असते तो फाईल अडवणाऱ्याला ती सांगण्याच्या फंदात पडत नाही. कारण उद्या काम पुन्हा त्याच टेबलाशी पडायचे असते.

येथे अशोकाची आठवण येणे अपरिहार्य आहे. आपल्या सहाव्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी राजाला सर्व वेळी कामाची वार्ता पोहोचत नसे; आता मात्र तो जेवत असो, अंतःपुरात असो वा उद्यानात असो, वार्ताहरांनी लोकांची कामे त्याच्या कानावर घालावीत. कौटिल्याने राजाला घड्याळाला बांधले, अशोकाने स्वतःसाठी घड्याळच मोडून टाकले. या चौदा लेखांच्या मालिकेतील आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मुंबईजवळच्या सोपाऱ्यात सापडले आहेत. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या या बंदरातही ही मालिका कोरलेली होती. त्याहून लक्षणीय आहे तो ओरिसातील धौलीचा लेख. कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप सांगणारा प्रसिद्ध तेरावा लेख कलिंगाच्या भूमीत कोरलेलाच नाही. त्याच्या जागी तोसलीच्या अधिकाऱ्यांना उद्देशून निराळा आदेश आहे. कोणी विनाकारण बंदीत पडू नये, याची जबाबदारी तो अधिकाऱ्यांवर टाकतो. आणि हे त्यांच्या हातून का होत नाही, याची कारणे देतो: मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, चिकाटीचा अभाव, आळस, थकवा. या यादीतला थकवा वाचून कोणाही शिक्षकाला किंवा कारकुनाला क्षणभर थबकायला होईल. बावीसशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाला हे कळले होते, की अन्याय नेहमी दुष्टपणातूनच होतो असे नाही. दमलेल्या, कंटाळलेल्या माणसाच्या हातूनही तो होतो. हा आदेश तिष्य नक्षत्रावर वाचून दाखवावा आणि एकच श्रोता असला तरी वाचावा, असेही तेथे सांगितले आहे.

कौटिल्याकडे परत वळायचे, तर त्याच्या ग्रंथाचे खरे काळीज ‘अक्षपटल’ आहे. अक्षपटल म्हणजे हिशेबाची कचेरी. इमारत पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख असावी, बसण्याच्या जागा स्वतंत्र असाव्यात, वह्या ठेवण्याची सोय असावी, येथपासून तो सुरुवात करतो. कामाचे वर्ष ३५४ दिवसांचे, ते आषाढी पौर्णिमेला संपते. त्या दिवशी ठिकठिकाणचे हिशेब मोहोरबंद वह्यांसह आणि शिल्लक रकमेसह राजधानीत यायचे. आलेल्या मंडळींना एकमेकांशी बोलू द्यायचे नाही! आजही दोन खात्यांचे लेखापाल हिशेब तपासनिसाच्या आगमनापूर्वी चहाच्या टपरीवर आकडे जुळवीत बसतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या नियमामागचा अनुभव सांगावा लागणार नाही. नोंद क्रम सोडून केली, उलटसुलट केली, समजेल अशी केली नाही किंवा दोनदा केली, तर बारा पण दंड; शिल्लक रकमेच्या नोंदीत हेच घडले तर दुप्पट.

आणखी एक नियम असा, की त्याची आठवण प्रत्येक कचेरीत राहायला हवी. हिशेब द्यायला माणूस आला आणि तपासणाऱ्याने तो पाहायला घेतला नाही, तर तपासणाऱ्याला दंड. तपासणारा तयार आहे आणि देणारा सिद्ध नाही, तर देणाऱ्याला त्याच्या दुप्पट. दंड दोन्ही बाजूंना आहे. आपल्या कारभारात उशिराची शिक्षा भोगायची असते ती अर्ज करणाऱ्याने. मुदत अर्जाला असते, उत्तराला क्वचितच. राज्यघटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे स्वतंत्र पद निर्माण केले, त्याचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक केले. कौटिल्याला स्वप्नातही सुचली नसती अशी ही तरतूद आहे, कारण त्याच्या राज्यात हिशेब जायचा तो राजाकडे, प्रजेकडे नव्हे. तथापि हे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी सभागृहाच्या टेबलावर येतात, आणि सभासद गावी जाण्याच्या गडबडीत असतात. कौटिल्याने या उशिराला बारा पणांवर सोडले असते असे वाटत नाही.

अधिकारी सरकारी पैसा कोणत्या मार्गांनी खातात, याचे चाळीस प्रकार ग्रंथात मोजून दिले आहेत. आधी वसूल झालेले मागाहून जमा दाखविणे, वसूल होणारे सोडून देणे, थोडे आलेले पुष्कळ आणि पुष्कळ आलेले थोडे लिहिणे, एकाकडून आलेले दुसऱ्याच्या नावे टाकणे, वजनात-मापात मारणे. यादी वाचता वाचता वाटते, की हा मनुष्य कोठे तरी हिशेब तपासत बसलेला असला पाहिजे. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, या अर्थाची त्याची उपमा पुष्कळांना पाठ असते. तिच्या आसपासचे दुसरे वचन मात्र कोणी उद्धृत करीत नाही. जो अधिकारी नेमलेल्या वसुलाहून कमी आणतो तो राजाचे खातो. आणि जो दुप्पट आणतो तो जनपद खातो, म्हणजे मुलूख खातो, असे कौटिल्य म्हणतो. उद्दिष्टाच्या दुप्पट वसुली करणाऱ्याची पाठ थोपटायची नाही, त्याची चौकशी करायची! गुन्हा लहान असेल तर ताकीद, मोठा असेल तर शिक्षा. उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यांवर बढत्या देणाऱ्या सगळ्याच सरकारांनी, आणि बँकांनी, आणि निकालाची टक्केवारी मागणाऱ्या शिक्षण खात्यांनीही, या एका वचनापाशी जरा थांबायला हवे. आकडा दुप्पट झाला म्हणजे तो कोणाच्या तरी घरातून आला आहे, आणि ते घर कोणते हे विचारणे राज्यकर्त्याचे काम आहे.

खाती अनेक प्रमुखांच्या हाती असावीत आणि नेमणुका कायमच्या नसाव्यात, असा कौटिल्याचा सर्वसाधारण नियम आहे. त्याला अपवाद एकच. जे अधिकारी खात नाहीत, उलट न्याय्य मार्गाने वाढवतात, त्यांना पदावर कायम करावे. आपल्याकडे हा अपवाद उलटा झाला आहे. एखादा अधिकारी वाळूच्या ट्रकांना हात घालतो, एखादी अधिकारी स्त्री निविदांचे कागद मागवते, आणि महिन्याभरात बदलीचा हुकूम येतो. २००५ च्या कायद्याने सामान्यतः तीन वर्षांचा कालावधी ठरवून दिला. मुदतपूर्व बदलीसाठी कारणे लेखी नोंदवण्याची अट घातली. कारणे लेखी नोंदवली जातातच. कारणे लिहिण्याच्या कलेत आपली कारकुनी जगात कोणाला हार जाणार नाही.

वेतनाचा अध्याय नोकरदार वाचकाला विशेष रंजक वाटावा. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० पण. कर गोळा करणारा समाहर्ता आणि कोशाचा प्रमुख सन्निधाता यांना २४,०००. मंत्रिपरिषदेच्या सभासदांना १२,०००. खाली येता येता हिशेबनीस आणि लेखक यांना ५००, कारागिरांना १२०, आणि अगदी तळाच्या सेवकांना ६०. आचार्य आणि विद्वान यांना ५०० ते १,००० पण मानधन. बहुतेक अभ्यासक हे आकडे वार्षिक मानतात. वरच्या आणि खालच्या टोकांत आठशे पटींचे अंतर आहे, तेव्हा समतेचा आदर्श म्हणून येथे काही शोधू नये. पाहायचा तो विचार. एवढे दिले म्हणजे माणसे मोहाला बळी पडत नाहीत आणि रुष्टही होत नाहीत, हे त्याने वरच्या पदांच्या वेतनासंबंधी सांगितले आहे. एकूण वेतनखर्च उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शात बसवावा, किंवा काम पार पडेल इतका तरी असावा. कामावर असताना मेलेल्याच्या बायकामुलांना वेतन आणि शिधा मिळावा; सेवकाच्या घरी मृत्यू, आजारपण, बाळंतपण असेल तेव्हा राजाने पैसा द्यावा आणि मानही द्यावा. ‘मानही’ हा शब्द कौटिल्यासारख्या कोरड्या माणसाने तेथे विनाकारण घातलेला नाही. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या आणि पगाराची तारीख कधी येईल हे न कळणाऱ्या शिक्षकाला या दोहोंपैकी कशाची उणीव अधिक टोचते, हे त्यालाच विचारावे.

मसलतीच्या प्रकरणात राजाने तीन किंवा चार मंत्र्यांशी बोलावे असे तो म्हणतो. एकाशीच बोलले तर तो एकटा बेलगाम होतो. दोघांशी बोलले तर दोघे संगनमत करतात किंवा भांडून काम बिघडवतात. शहाणपणाचे बोल पोराच्या तोंडचे असले तरी घ्यावेत. मसलतीच्या जागी पक्षीसुद्धा फिरकू देऊ नये, कारण पोपट-मैनांनी गुप्त गोष्टी फोडल्याचे ऐकिवात आहे, अशीही एक गंभीर सूचना त्यात आहे. आजचे पोपट खिशात मावतात, एवढाच काय तो फरक.

मात्र हा ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचण्यासारखा आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अमात्यांची निष्ठा पारखण्यासाठी त्यांना धर्माची, पैशाची, स्त्रीची आणि भीतीची आमिषे दाखविण्याचे सापळे त्यात सांगितले आहेत. निर्मळ माणसाला अशाने कीड लागेल, स्वच्छ पाण्यात विष कालवल्यासारखे होईल, अशी धास्ती खुद्द कौटिल्यालाच वाटते, आणि तरी तो सापळे सोडत नाही. तिजोरी रिकामी झाली तर रातोरात दैवत प्रकट झाल्याची आवई उठवावी, विहिरीत अनेक फण्यांचा नाग दाखवून भाविकांकडून पैसे घ्यावेत, इथपर्यंत त्याची मजल जाते. संशयितांना यातना देण्यास त्याची हरकत नाही, आणि त्यातही वर्ण पाहून सूट आहे. अधिकाऱ्याने खाल्लेला पैसा उघडकीला आणणाऱ्याला सहावा हिस्सा, आणि तो त्या अधिकाऱ्याचाच नोकर असेल तर बारावा. पण आरोप सिद्ध झाला नाही तर सांगणाऱ्यालाच शिक्षा. बलाढ्य अधिकाऱ्याविरुद्ध पुरावा गोळा करणे किती कठीण असते हे ठाऊक असणारा माणूस हा नियम लिहितो, तेव्हा त्याच्या मनात प्रजेचा हक्क नाही, राजाचा कोश आहे, हे उघड होते. २००५ चा माहितीचा अधिकार आणि २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा ज्या कल्पनेतून निघाले, ती कल्पनाच या ग्रंथात नाही. नागरिक या ग्रंथात हिशेब देतो, हिशेब मागत नाही.

तरीही राजाला कोणी जाब विचारावा, ही बोच कौटिल्याला कोठे तरी लागून राहिली असावी. चौथ्या अधिकरणाच्या शेवटी त्याने एक नियम घातला आहे. ज्याला दंड व्हायला नको होता त्याला राजाने दंड केला, तर त्या रकमेच्या तीसपट दंड राजाला. पण राजाकडून तो वसूल कोण करणार? म्हणून ती रक्कम वरुणासाठी पाण्यात ठेवायची आणि मग ब्राह्मणांना द्यायची. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाती त्यातले काही पडते असे तेथे सांगितलेले नाही. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका माणसाच्या अर्जावर निकाल दिला. १९६८ मध्ये तो निर्दोष ठरला होता आणि १९८२ च्या ऑक्टोबरपर्यंत तुरुंगात होता; चौदा वर्षांहून अधिक. न्यायालयाने त्याला ३०,००० रुपये द्यायला लावले. ५,००० आधी दिले होते. ही रक्कम त्याच्या हाती पडायची होती, वरुणाच्या नव्हे. ती द्यायची होती बिहार राज्याच्या तिजोरीतून.